कारो-कानचा जीव सी८ च्या उंटात

बुद्धिबळात पांढऱ्याच्या १. ई४ ला काळ्याने सी६ आणि २. डी४ ला डी५ ने उत्तर दिलं की ती कारो-कान ओपनिंग; सी६ ऐवजी ई६ केलं की फ्रेंच. 'फ्रेंचमध्येही डी५, इथेही डी५, मग आधी सी६ कशाला?' असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. सगळी गंमत सी८ वरच्या उंटाची आहे. फ्रेंचमध्ये ई६ केलं की तो आपल्याच प्याद्यामागे कोंडला जातो. इथे पांढऱ्याने ३. ई५ ढकललं की आधी उंट एफ५ वर काढायचा आणि मगच ई६. अर्थात हे फुकटात मिळत नाही. पुढे बहुतेकदा सी५ करावंच लागतं, म्हणजे फ्रेंचवाला एका चालीत करतो ते आपण दोन चालींत करतो.

पांढऱ्याने ई५ ऐवजी ३. घोडा सी३ खेळलं तर ई४ वर मारामारी होते: काळा प्यादं मारतो, पांढरा घोड्याने परत मारतो. मग उंट एफ५, घोडा जी३, उंट जी६, आणि पांढरा एच४ खेळतो. इथे एच६ करून उंटाला घर ठेवा. सवयीने ई६ केलंत तर एच५ आलंच, मग उंट एफ५ वर नेऊन घोड्याच्या बदल्यात द्यावा लागतो!

उंट एफ५ ऐवजी ४...घोडा डी७ (काळ्याची चौथी चाल) खेळणाऱ्यांनी ५. वजीर ई२ ला हसू नये. स्वतःच्याच उंटाची वाट अडवणारी ही चाल बावळट दिसते खरी, पण दुसरा घोडा एफ६ वर आणलात की घोडा डी६, मात! ई७ चं प्यादं वजिरामुळे जखडलेलं (हललं तर मागचा राजा उघडा पडतो), त्यामुळे त्याने घोडा मारता येत नाही. ब्लिट्झमध्ये (झटपट डावांत) आजही लोक यात सापडतात.

बाकी कारो-कानला काही जण 'कंटाळवाणी ओपनिंग' म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. तेव्हाचा जगज्जेता बोट्विनिकने १९६० च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत हीच त्याचा आव्हानवीर तालसमोर खेळली होती. त्यातला तिसरा डाव लावून बघा.