नाइट ट्रेन लेनला विसरू नका

अमेरिकन फुटबॉलमधला सर्वोत्तम कॉर्नरबॅक (समोरच्या संघाचे पास अडवणारा बचावपटू) कोण, या चर्चेत सगळे डीऑन सँडर्सचं नाव घेतायत, तो भारी होताच, पण डिक 'नाइट ट्रेन' लेनचं नावच कुणी घेतलं नाही म्हणून लिहितोय. टेक्सासमधल्या ऑस्टिनचा हा माणूस, तान्हा असताना कचऱ्यात टाकून दिलेला, एला लेन नावाच्या विधवा बाईने उचलून स्वतःच्या मुलासारखा वाढवला. सैन्यातून सुटल्यावर लॉस एंजेलिसच्या विमान कारखान्यात तेलाने माखलेले पत्रे उचलायचं काम करत होता, ते नकोसं झालं आणि 1952 मधे आपल्या जुन्या खेळाच्या कात्रणांची वही काखेत मारून थेट रॅम्स या फुटबॉल संघाच्या ऑफिसात गेला, मला एक संधी द्या म्हणून! त्यांनी आधी रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) म्हणून घेतला, तिथे जमेना, मग डिफेन्सला टाकला आणि गड्याने पहिल्याच सीझनमधे 14 इंटरसेप्शन घेतले, म्हणजे समोरच्या संघाचे 14 पास मधेच पकडले.

तेव्हा सीझन फक्त 12 मॅचेसचा होता हे लक्षात घ्या. आता 17 मॅचेस असतात तरी तो रेकॉर्ड अजून कुणाला मोडता आलेला नाही, 1980 मधे लेस्टर हेज 13 पर्यंत आला आणि तिथेच थांबला. लेनचे टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडणं) मात्र खरंच भयंकर, सरळ मान आणि डोकं धरून आडवा करायचा, ते प्रकार पुढे नियमाने बंद झाले आणि ते योग्यच झालं.

रॅम्सनंतर कार्डिनल्स, मग डेट्रॉइट लायन्स या संघांकडून खेळला, एकूण 68 इंटरसेप्शन, 1974 ला हॉल ऑफ फेम या थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत नाव. निवृत्तीनंतर डेट्रॉइटमधे पोलिसांच्या क्रीडा संस्थेत पोरांसाठी बरीच वर्षं काम केलं, त्याबद्दलही जरूर वाचा.