'गोष्ट सांगितली की मुक्काम पक्का' म्हणणाऱ्यांना उत्तर

टोरांटोकरीण:
काल इथे परदेशात आश्रय मागणाऱ्या बायकांबद्दल कुणीतरी लिहिलं, 'बलात्काराची गोष्ट सांगा, परदेशात मुक्काम पक्का.' डोकं फिरलं. १९५१ च्या निर्वासित करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत आणि विशिष्ट सामाजिक गट एवढीच कारणं आहेत. बाई असणं त्यात नाहीच. एल साल्वादोरच्या एका बाईवर नवऱ्यानं वर्षानुवर्षं अत्याचार केले. २०१६ मध्ये अमेरिकेच्या अपील मंडळानं तिच्या बाजूनं कौल दिला, २०१८ मध्ये अॅटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी तो फिरवला. त्यांचा निर्णय रद्द व्हायला २०२१ उजाडलं. हा पक्का मुक्काम?

जर्सीवासी:
२०१२ मध्ये न्यूयॉर्कला आश्रयाच्या खोट्या अर्जांच्या धंद्यात वकिलांसकट २६ जणांवर खटले भरले, ते विसरायचं? आम्ही कर भरून ग्रीनकार्डाच्या रांगेत म्हातारे झालो. मुलगी एकवीसची झाली आणि आमच्या अर्जातून गळली. आमच्यासाठी कोण लिहितं?

ठाणेकर:
तुमची रांग वेगळी आहे हो. नोकरीवरची ग्रीनकार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, त्यात एका देशाला जास्तीत जास्त ७ टक्के. आश्रय मिळालेल्यांची कार्डं त्या कोट्यातून जातच नाहीत. वॉशिंग्टनशी भांडा.

जर्सीवासी:
भांडतोच आहे. पत्रं लिहिली, मोर्चात उभा राहिलो. ठाण्यात बसून अक्कल शिकवू नका!

नांदेडकर:
भांडण पुरे. बाईनं आपल्याच देशात दुसरं शहर का गाठू नये?

टोरांटोकरीण:
नवराच पोलिसात असेल तर कुठलं शहर गाठायचं? मी आश्रयाच्या सुनावण्यांना दुभाषी म्हणून बसते. एका बाईला विचारलं, अत्याचार झाला तेव्हा दार आतून बंद होतं की बाहेरून. ती आधी आतून म्हणाली, नंतर बाहेरून. ओढणीचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं. कागदावर शेरा पडला, 'जबाबात विसंगती'. कॅनडात अशा सुनावण्यांसाठी १९९३ पासून वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, तरी ही गत.

जर्सीवासी:
बरं, कोट्याचं मान्य. पण खोट्यांमुळेच खऱ्यांवर संशय येतो, हे तुम्हीही कबूल करा.

टोरांटोकरीण:
केलं कबूल. आता तुम्ही सांगा. अमेरिकेत पोचल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, अपवाद मोजके. जी आईपाशी तोंड उघडू शकली नाही, ती अनोळखी अधिकाऱ्यापुढे वर्षभरात कशी बोलणार?