गॅस भरण्याआधी पंखा बघा

गाडीचा एसी कर्वे रोडच्या सिग्नलला थांबल्यावर कोमट आणि कात्रज बायपासला वेगात पुन्हा गार होत असेल, तर कोणी सुचवलं तरी एसीचा गॅस भरायची घाई नको. जादा गॅसने दाब आणखी वाढेल. एसी लावून बॉनेट उघडा. कंडेन्सरचा (एसीचा गॅस गार करणारी पुढची जाळी) पंखा फिरत नसेल तर दाब चढून प्रेशर स्विच कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) बंद करतो. मग पंख्याचा रिले (वीज जोडणारा छोटा स्विच) त्याच रेटिंगच्या दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून बघा. पंखा ठीक, पण गाडी तापल्यावरच कॉम्प्रेसरचा क्लच (त्याला इंजिनाच्या पट्ट्याशी जोडणारा चुंबकी भाग) सुटतो? मग क्लचची फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.६ मिमी असते. झिजून वाढली की तापलेली चुंबकी कॉइल क्लचची प्लेट ओढू शकत नाही. एसी लावल्यावर आयडल (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) पडत असेल तर थ्रॉटल बॉडीतली (इंजिनात हवा सोडणारी झडप) काजळी साफ करा, नंतर स्कॅनरने आयडल री-लर्न (गाडीच्या कॉम्प्युटरला हा वेग नव्याने शिकवणं) करून घ्याच.