सातारा : आईसाठी वाचनालयातून पुढचं पुस्तक कसं निवडायचं?

शाहूपुरीकर
नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, पण पुस्तकांच्या नावांची यादी नको. ती घरच्या ग्रुपवर भरपूर मिळालीय.

आई सत्तरीची. वाचनाचा वेग माझ्या तिप्पट. गुडघ्यांमुळे वाचनालयाचा जिना चढणं बंद झालं, तेव्हापासून पुस्तक बदलायचं काम माझ्याकडे आलंय. ऑफिस सुटल्यावर राजवाड्याच्या गर्दीतून वाट काढत पोचते तोवर बंद व्हायची वेळ होते. समोर दिसेल ते उचलते. घरी आई दोन पानं उलटते आणि म्हणते, "हे झालंय गं." आणि झालेलं नसेल तर ते उशाशी पालथं पडून राहतं.

तिला ऐतिहासिक कादंबऱ्या आवडतात असं मी धरून चाललेय. आमच्या वाचनालयातलं ते कपाट तिने जवळजवळ संपवलंय. आता पुढचं काय हे वाचनालयातच कसं शोधायचं? काय विचारायचं, कोणाला विचारायचं? काउंटरवरचे काका भले आहेत, पण "काहीतरी चांगलं द्या" म्हटलं की त्याच दिवशी परत आलेलं काहीतरी जाडजूड पुढे करतात.

देवघेव_खिडकी
ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या एका वाचनालयात देवघेवीला होतो, आता निवृत्त. "काहीतरी चांगलं द्या" ऐकलं की माझाही हात समोरच्या ढिगाकडेच जायचा. दुसरं करणार काय? चांगलं कुणासाठी, ते कळायला हवं ना.

पुढच्या वेळी आईंना आवडलेली शेवटची दोन-तीन पुस्तकं सांगा, आणि अर्धवट सोडलेलं एखादं. सोडलेलं जास्त कामाचं. आवडलेल्याबद्दल सगळे "छान होतं" म्हणून मोकळे होतात, सोडलेल्याबद्दल मात्र माणूस नेमकं बोलतो. शिवाय का सोडलं हे घरी नीट विचारून घ्या. वयस्कर वाचक "कंटाळवाणं आहे" म्हणतात तेव्हा कित्येकदा अक्षर बारीक असतं, नाहीतर पुस्तक आडवं पडून हातात धरवत नाही. सहाशे पानांची कादंबरी सत्तरीच्या मनगटाला पेलत नाही. त्यात लेखकाचा काय दोष!

"हे झालंय" यावर उपाय वाचनालयातच आहे. संगणकावर देवघेव असेल तर सभासद क्रमांकावरून आजवर नेलेल्या पुस्तकांची यादी बहुधा निघते. कार्ड किंवा वही असेल तर त्यावर दाखल क्रमांक (वाचनालयाने प्रत्येक पुस्तकाला दिलेला नंबर) असतात, त्यावरून नावं काढता येतात. जरा वेळखाऊ काम आहे, पण एकदाच करायचं. मात्र बंद व्हायच्या वेळी गेलात तर कोणीही करून देणार नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी, गर्दी नसताना जा. आमच्याकडच्या काही आजी वाचून झालेल्या पुस्तकाच्या ठरावीक पानावर पेन्सिलीने बारीकशी खूण करायच्या. नियमात बसत नाही, म्हणून आम्ही रागवायचो. खूण चोख असायची हे मान्य.

आणि त्या परत आलेल्या ढिगाला नावं ठेवू नका. अजून कपाटात न गेलेली पुस्तकं म्हणजे गावातल्या बाकीच्यांनी नुकतीच वाचलेली पुस्तकं. मागची तारखांची चिठ्ठी बघा. एकामागून एक शिक्के असतील तर पुस्तक फिरतंय. शिक्केच नसतील तर ते वाईट आहे असं नव्हे, कुणाला दिसलं नसेल इतकंच. ग्रंथपाल रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं एक म्हणतं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि लगेच पुढचं म्हणतं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. पहिलं सगळ्यांच्या लक्षात राहतं. आम्हाला नोकरीत दुसरं जड जायचं.

मेणवलीचा_घाट
वरच्या काकांना अनुमोदन. कपाटांबद्दल थोडी भर घालतो.

तुमच्या वाचनालयात ड्यूई दशांश पद्धत (विषयाप्रमाणे पुस्तकांना आकडे द्यायची) असेल तर पुस्तकाच्या कण्यावरचा आकडा वाचायला शिका. मराठी साहित्य ८९१.४६ ला. त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. भारताचा इतिहास ९५४ ला, प्रवास-भूगोल ९१० च्या आसपास, चरित्रं बऱ्याच ठिकाणी ९२० ला. आता बघा, मराठेशाहीवरची कादंबरी एका टोकाला, त्याच माणसाचं चरित्र दुसरीकडे आणि त्याच काळाचा इतिहास तिसरीकडे. वाचक वर्षानुवर्षं एकाच कपाटासमोर उभा राहतो आणि "संपलं सगळं" म्हणतो. संपलेलं असतं ते ८९१.४६३.

छोट्या वाचनालयांत हे आकडे नसतात, नुसता विषय आणि दाखल क्रमांक. कपाटांना कुलूप असेल तर पंचाईतच. मुक्तद्वार, म्हणजे स्वतः कपाटातून पुस्तक काढून बघायची मुभा, नसेल तिथे विषयवार सूची मागून घ्या आणि बसून वाचा. कंटाळवाणं वाटेल, पण दहा-बारा नावं हमखास हाती लागतात.

पोवई_नाका
कुठल्या जमान्यात आहात लोकहो? मोबाइलवर एआयला विचारा, पाच सेकंदांत यादी.

मेणवलीचा_घाट
@पोवई_नाका, विचारलं होतं. यादीतल्या एका पुस्तकाचं नाव फार आवडलं. वाईपासून पुण्यापर्यंत शोधलं. ते कुणी लिहिलेलंच नाही! आणि जी खरी होती, त्यातली आमच्या वाचनालयात किती आहेत ते त्याला काय ठाऊक.

पोवई_नाका
बरं बुवा. तरी वाचनालयांनी आपली सूची ऑनलाइन टाकायला काय हरकत आहे? घरबसल्या पुस्तक जागेवर आहे की बाहेर गेलंय एवढं कळलं तरी शाहूपुरीकरांची निम्मी धावपळ वाचेल.

देवघेव_खिडकी
हे मात्र बरोबर. काहींनी टाकलीय. बाकीच्यांचं घोडं पैशांवर आणि माणसांवर अडतं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि अनुदान वर्गाप्रमाणे. 'ड' वर्गाच्या वाचनालयात एकच माणूस कुलूप उघडतो, झाडतो आणि देवघेवही करतो. त्याने सूची कधी टाइप करायची?

कृष्णाकाठची_आत्या
शाहूपुरीकर, आईला ऐतिहासिकच आवडतं हे तिने सांगितलंय की तुम्हीच ठरवलंय?

माझी भाची अमेरिकेत असते. तिच्याकडून नॅन्सी पर्ल या सिॲटलच्या ग्रंथपाल बाईंबद्दल ऐकलं. त्यांचं म्हणणं असं की पुस्तकात शिरायची चार दारं असतात : गोष्ट, माणसं, स्थळकाळ आणि भाषा. एकच कादंबरी कुणी घटनांसाठी वाचतं, कुणी त्यातल्या माणसांसाठी. तिकडच्या ग्रंथालयांत म्हणे "कुठल्या विषयावरचं हवं" याच्याऐवजी "आवडलेल्या एखाद्या पुस्तकाबद्दल सांगा" इथून सुरुवात करतात आणि तुम्ही कशाबद्दल बोलताय ते ऐकत राहतात. आईला बोलतं करा. कुठला प्रसंग ती रंगवून सांगते तेवढं बघा.

त्याच बाईंचा आणखी एक नियम मला फार पटला. पन्नास पानं वाचून बघा, नाही रमलात तर सोडा. पन्नाशी उलटली असेल तर शंभरातून वय वजा करा, तेवढीच पानं द्या. म्हणजे तुमच्या आईने तीस पानांनंतर पुस्तक पालथं टाकलं तर ते नियमाला धरूनच आहे.

भिलारची_स्ट्रॉबेरी
आईंना एकदा भिलारला घेऊन जा. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं पुस्तकांचं गाव, मे २०१७ पासून सुरू आहे. घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात आणि एकेका घराला एकेक साहित्यप्रकार. कुठे कादंबरी, कुठे चरित्र-आत्मचरित्र, कुठे संतसाहित्य. बसून वाचायचं, पैसे नाहीत. घरी न्यायला मिळत नाही, पण तुमच्या कामाला तेच बरं. चार घरांत बसून प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं चाखायचं, रमलेल्या पुस्तकाचं नाव लिहून घ्यायचं आणि साताऱ्यात येऊन ते मागायचं. गुडघ्यांचं बघून पायरी नसलेली घरं आधी विचारून घ्या. भर पावसाळा आणि शनिवार-रविवार टाळा. पावसाळ्यात धुकं, सुट्टीत गाड्या.

मिरज_जंक्शन
दिवाळी अंक राहिले की. बऱ्याच वाचनालयांत थोडी वेगळी वर्गणी भरून दिवाळी अंकांची योजना असते. एका अंकात वीसेक लेखक भेटतात. एखाद्याची कथा आवडली तर त्याचं पुस्तक शोधायचं. नवीन लेखक मला असेच सापडले. वाचनकक्षात 'ललित' मासिक येत असेल तर तेही चाळा, पुस्तकांनाच वाहिलेलं आहे, १९६४ पासून चालू.

जुनी पुस्तकं हवी असतील तर एकाच वाचनालयावर विसंबू नका. आमच्या सांगलीत २०१९ च्या महापुरात नगर वाचनालयात पाणी शिरलं, त्यात बरीच जुनी पुस्तकं गेली.

शाहूपुरीकर
सगळ्यांचे आभार. आत्याबाईंनी सांगितल्याप्रमाणे आईला विचारलं. म्हटलं, अमुक कादंबरी तुला एवढी आवडली होती, त्यात काय होतं गं? लढाया, खलिते, कारस्थानं यांतलं काहीच तिने सांगितलं नाही. वाड्यातलं स्वयंपाकघर, विधवा आत्याबाई, मोहिमेवर गेलेल्या नवऱ्याची वाट बघणारी सून, यावर अर्धा तास बोलली. लढाईची पानं ती सरळ उलटते म्हणे! इतकी वर्षं मी तिला तलवारी पुरवतेय.

शनिवारी सकाळी जाऊन काकांना हेच सांगितलं. त्यांनी कादंबरीच्या कपाटाकडे बघितलंसुद्धा नाही. थेट आत्मचरित्रांकडे नेलं आणि जुन्या काळच्या बायकांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी काढून दिल्या. एक जाड होतं, ते स्वतःच परत ठेवलं. "अक्षर बघा आधी," म्हणाले.

आता नवीन अडचण. आई एकदम दोन मागतेय आणि आमच्या वर्गणीत एकच मिळतं. तिच्या नावावर दुसरं खातं काढू, की वर्गणी वाढवून घेऊ?

देवघेव_खिडकी
आधी वर्गणी वाढवून दोन पुस्तकं मिळतात का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी तशी सोय असते आणि अनामत दुसऱ्यांदा भरावी लागत नाही. नसेल तर खातं काढा. अनामतीची पावती जपून ठेवा, सभासदत्व सोडताना ती दाखवावी लागते.

आणि त्या कपाटात नसलेलं काही हवं असेल तर मागणी नोंदवहीत लिहा. लेखक, प्रकाशक, नाव, तिन्ही. अनुदानाचा हप्ता आला की खरेदीची यादी करताना आम्ही ती वही उघडायचो. नुसतं "नवीन चांगली पुस्तकं आणावीत" लिहिणारे खूप. त्यांचं काय आणायचं ते आम्हालाही कळायचं नाही.

पाटणचा_पाऊस
धागा पळवतोय, माफ करा. सातवीतला मुलगा, गेम सोडून काही सुचत नाही. बालविभागात न्यायचं वय उलटलं, मोठ्यांच्या कपाटात बिचकतो. याला कुठून सुरू करू?

कृष्णाकाठची_आत्या
@पाटणचा_पाऊस, वेगळा धागा काढा, सविस्तर लिहिते. तोवर त्याला घेऊन जा आणि तुम्ही बाहेर थांबा. बाप शेजारी उभा असला की पोरं शहाण्यासारखं पुस्तक निवडतात आणि घरी येऊन वाचत नाहीत.