अनुभव धागा: वर्गातल्या मुलांनी केलेले व्हिडिओ

आमच्या सातवीच्या वर्गाने फेब्रुवारीत गावच्या जुन्या विहिरीवर चार मिनिटांचा व्हिडिओ पूर्ण केला. पाच आठवडे लागले. त्यातलं शूटिंग जेमतेम दोन दुपारचं, बाकी सगळा वेळ लिहिण्यात, खोडण्यात आणि भांडण्यात गेला. केंद्रातल्या एका सरांनी विचारलं, "मॅडम, यात अभ्यास कुठला झाला?"

झालं ते सांगते. विहीर किती खोल, असं मुलांनी दोघांना विचारलं. एक आजोबा म्हणाले पाच परस, म्हणजे पाच माणसांच्या उंचीएवढी, दुसरे म्हणाले सत्तर फूट. दोघंही कॅमेऱ्यासमोर ठामपणे बोलले. आता व्हिडिओत कोणाचं घ्यायचं? दोन दिवस वाद चालला. शेवटी एका मुलीने घरून सोल आणला, दगड बांधला आणि मोठ्या माणसांना सोबत घेऊन मुलांनी विहीर मोजली. ५२ फूट भरली. व्हिडिओत दोन्ही आजोबा ठेवले आणि त्यांच्यामागून दोरीचा शॉट. कोणालाही खोटं पाडायचं नाही, हे मुलांनीच ठरवलं. ऐकलेलं तपासून बघायचं असतं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले होते. ते त्या दिवशी मुलांना खरोखर कळलं.

तुमच्या वर्गात काय घडलं ते लिहा. फसलेलंही लिहा. फक्त शिक्षकांनी स्वतः केलेले शैक्षणिक व्हिडिओ इथे नकोत. लॉकडाउनमध्ये ते आपण सगळ्यांनी केले. कॅमेरा मुलांच्या हातात असताना काय होतं, तेवढंच हवं आहे.
(माण तालुका, जिल्हा परिषद शाळा)

*

ताई, मी किल्लारीपासून जवळच्या एका हायस्कूलला नववीला इतिहास शिकवतो. इथली मुलं ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप ऐकतच मोठी होतात, पण तुकड्या-तुकड्यांत. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन झालेलं, लोक उशिरा निजलेले आणि पहाटे चारच्या सुमारास सगळं कोसळलं, एवढं प्रत्येकाला पाठ असतं. त्यापुढचं घरात कोणी काढत नाही. मी मुलांना म्हटलं, आपापल्या घरातल्या एका माणसाला विचारा आणि व्हिडिओ करा, पाच मिनिटांच्या वर नको.

आधी प्रश्न लिहून आणले. पहिल्या खेपेचे प्रश्न बघून मला धडकीच भरली. "तुमच्या घरातलं कोण गेलं?" हा पहिलाच प्रश्न! आम्ही एक आख्खा तास प्रश्नांवरच घालवला. तेव्हा घर कसं होतं, दगड-मातीच्या भिंती किती जाड होत्या, माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, काय वाळत घातलं होतं, असे प्रश्न पुढे आले आणि मुलांना आपोआप उमगलं की त्या जड छतांनीच माणसं दाबली.

एका मुलीची आजी तांदूळ निवडता निवडता बोलत होती. बोलता बोलता थांबली. फोन धरलेला मुलगा तसाच चित्रण करत राहिला, तेव्हा त्या मुलीने पुढे होऊन लेन्सवर हात ठेवला. वर्गात संकलनाला बसलो तेव्हा यावर मोठी चर्चा झाली. काही जण म्हणाले, आजी थांबते तोच सगळ्यात खरा क्षण आहे, ठेवा. ती मुलगी म्हणाली, "आजी माझ्याशी बोलत होती, फोनशी नाही." शेवटी सुपातल्या तांदळावर फिरणारी बोटं ठेवली आणि तिथेच थांबवलं. मग तो व्हिडिओ आधी आजीला दाखवला. तिने एक वाक्य काढायला सांगितलं. का, ते सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. काढलं. तेव्हापासून आमच्याकडे नियमच आहे: ज्याचा व्हिडिओ, त्याला सगळ्यात आधी दाखवायचा.

*

मी आई म्हणून लिहितेय. गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या शाळेत असाच प्रकल्प झाला. तिने वर्गासमोर नाटुकलं केलं, व्हिडिओ झाला आणि आम्हाला न विचारता तो व्हॉट्सअॅपवर फिरला. आठवड्याभरात तो माझ्या नणंदेच्या गावापर्यंत पोचला. मुलगी अडखळलेली तो तुकडा तेवढा कापून कोणीतरी पुढे पाठवला होता. पंधरा दिवस ती शाळेत बोलली नाही. तुमचे प्रकल्प चांगले आहेत, मनापासून सांगते. पण व्हिडिओ शेवटी जातो कुठे, हे प्रत्येकाने लिहा.

*

वरच्या ताईंना: तुमचं म्हणणं रास्त आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. आमच्याकडे पालकसभेत लेखी संमती घेतो. संमती नसलेलं मूल आवाज, लेखन किंवा संकलन करतं, चेहरा येत नाही. व्हिडिओ शाळेच्या पेन ड्राइव्हवर राहतो आणि वर्गातच बघितला जातो. यूट्यूब नाही, ग्रुप नाही. काही पालक नाराज होतात, होऊ देत.
(धागाकर्ती)

*

ज्युनिअर कॉलेज, भौतिकशास्त्र. आमचा व्हिडिओ कोणाला दाखवण्यासाठी नव्हताच, मोजण्यासाठी होता. १.२ मीटरवरून चेंडू सोडायचा आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेमने टिपायचा. मग एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजायच्या. एका गटाच्या ११९ आल्या, g (गुरुत्व त्वरण) निघालं ९.७६. दुसऱ्याच्या १२२ आल्या, तर ९.२९. चेंडू तोच, उंची तीच, मग फरक कसा? शोधता शोधता कळलं की बोटं नेमकी कोणत्या फ्रेमला सुटली यावर दोघांचं एकमत नव्हतं. एका मुलाने साध्या ३० फ्रेमने करून बघितलं, तर सगळ्या मिळून पंधराच फ्रेम. त्यात एक चुकली की उत्तर कुठल्या कुठे. 'मापनातील त्रुटी' हा पाठ मला वेगळा शिकवावा लागला नाही.

*

चौथीच्या मुलांचं सांगते. वालाच्या बियाणाचा टाइम-लॅप्स केला. दादासाहेब फाळक्यांनी आपला पहिला चित्रपट करायच्या आधी, भांडवलदाराला पटवण्यासाठी, वाटाण्याचं रोप असंच थोडं थोडं चित्रित करून उगवताना दाखवलं होतं. ही गोष्ट आधी मुलांना सांगितली. मग खिडकीत कुंडी, समोर विटांच्या खोबणीत फोन आणि शाळेच्या वेळेत दर तासाला एक फोटो. जोडून बघितलं तेव्हा रोप अधूनमधून एकदम उडी मारायचं. "बाई, हे रविवारी पळालं!" म्हणून एक जण ओरडला. मग सगळ्यांनी उड्या मोजल्या आणि कोणती रात्रीची, कोणती सुट्टीची, ते कागदावर मांडलं.

*

फसलेलं लिहायला सांगितलंत म्हणून. आमच्या पहिल्या प्रकल्पात ज्याचा फोन तोच दिग्दर्शक झाला. फोन नसलेली मुलं मागे उभी राहिली, पाणी आणायला धावली. मला ते फार उशिरा दिसलं आणि आजही लागतं. आता फोन एकच, शाळेचा. कामं चिठ्ठ्या टाकून ठरतात आणि दर तासाला बदलतात. आवाजाचं काम कोणालाच नको असायचं. वाऱ्याने आणि शेजारच्या गिरणीने सगळी मुलाखत खाल्ली तेव्हा त्या कामाचा मान वाढला. हेडफोनच्या वायरीतला माइक बोलणाऱ्याच्या कॉलरला लावा, स्वस्तात निम्मं काम होतं.

*

कॅनडातल्या रविवारच्या मराठी शाळेतून. मुलं मराठी बोलतात, पण लिहायला रोमन लिपी. थालीपीठाचा व्हिडिओ केला, भारतातल्या आजीला व्हिडिओ कॉलवर विचारून. आजी म्हणाली, "भाजणी अंदाजाने घे." अंदाजाने म्हणजे किती, यावर तीन कॉल झाले. खाली शब्द देवनागरीत द्यायचे ठरले, कारण आजीला रोमन वाचता येत नाही. 'थापणे', 'भोक', 'झाकण' हे शब्द मुलांनी पहिल्यांदा स्वतःहून देवनागरीत लिहिले, आणि चुकले तर आजीने लगेच सांगितलं.

*

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे व्हिडिओ ही मुलांची वहीच आहे. भारतीय सांकेतिक भाषेत दिलेलं उत्तर कागदावर उतरत नाही, व्हिडिओत उतरतं. मुलांना सगळ्यात आधी चौकट शिकवावी लागते. डोक्यापासून कमरेपर्यंत, दोन्ही कोपर आत, मागची भिंत साधी, अंगात चौकड्याचा शर्ट नको. ऐकू येणारी माणसं चित्रण करताना चेहऱ्याजवळ जातात आणि हात कापले जातात. आमच्या मुलांच्या लेखी ते वाक्य अर्धवट तोडल्यासारखं.

आठवीच्या एका मुलाने बैलपोळ्यावर व्हिडिओ केला. स्वतःचं उत्तर तो पहिल्यांदाच बाहेरून बघत होता. 'झूल' आणि 'घुंगरू' हे दोन संकेत त्याला घाईत केलेले वाटले, म्हणून सहा वेळा परत केले. माझ्या तपासणीने हे कधी झालं नसतं. पालकांच्या दिवशी त्याचे वडील व्हिडिओ थांबवून थांबवून बघत होते. त्यांना सांकेतिक भाषा फारशी येत नाही. मुलाने त्यांची बोटं धरून नीट वळवून दिली आणि व्हिडिओ पुन्हा सुरुवातीपासून लावला.

*

सगळ्यांचे आभार. लेन्सवर हात ठेवणाऱ्या त्या मुलीबद्दल वर्गात वाचून दाखवलं, मुलं बराच वेळ गप्प होती. आमच्या विहिरीचं पुढे काय झालं तेही सांगते. फेब्रुवारीत पाणी काठापासून ३१ फुटांवर होतं. व्हिडिओ संपला, तरी मुलांनी सोल माझ्या कपाटातच ठेवायला लावला होता. काल, मे महिन्याच्या सुट्टीत, चौघी जणी किल्ली मागायला घरी आल्या. पाणी ४४ वर गेलंय. आता त्यांना व्हिडिओचा शेवट बदलायचा आहे.
(धागाकर्ती)