कागदपत्रे अडकलेल्या आपल्या माणसासाठी केलेला प्रवास : अनुभव

परदेशातील आपल्या माणसाचा व्हिसाचा किंवा वास्तव्याच्या परवान्याचा अर्ज रखडला की बहुतेक वेळा त्याला जागचे हलता येत नाही, आणि मग घरातील दुसऱ्या कोणाला तरी निघावे लागते. अशा वेळी आपण काय केले, काय करू शकलो नाही आणि कोणता नियम उशिरा कळला, हे ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांनी येथे सविस्तर लिहावे, अशी माझी विनंती आहे. नावे, पत्ते आणि अर्जाचे क्रमांक मात्र कोणी लिहू नयेत. सुरुवात मी करते.

माझा मुलगा अमेरिकेत एच-१बी या कामाच्या व्हिसावर नोकरी करतो. पासपोर्टवर नवा व्हिसा उमटवून घेण्यासाठी तो तीन आठवड्यांची रजा काढून भारतात आला होता. मुलाखत पाच मिनिटांत संपली आणि त्याच्या हाती कलम २२१(जी) ची, म्हणजे पुढील तपासणीसाठी अर्ज थांबवल्याची, चिठ्ठी पडली. पाठोपाठ ई-मेलने डीएस-५५३५ ही प्रश्नावली आली. तीत गेल्या १५ वर्षांतील सर्व प्रवास, पत्ते आणि नोकऱ्या, तसेच गेल्या ५ वर्षांत वापरलेले फोन क्रमांक, ई-मेल आणि समाजमाध्यमांवरील खाती यांची माहिती मागितली होती. सून आणि चार वर्षांची नात तिकडेच होत्या, आणि सुनेची नोकरी सकाळी सातला सुरू होत असे. मुलाजवळ त्याच्या वडिलांनी राहायचे आणि मी सुनेकडे जायचे, असे आम्ही त्याच रात्री ठरवले. जुन्या पासपोर्टांवरील शिक्के भिंगातून वाचून १५ वर्षांचा प्रवास त्या दोघांनी जुळवला.

माझ्याकडे १० वर्षांचा बी-२, म्हणजे पर्यटकांचा, व्हिसा होता, त्यामुळे मुक्कामाची मला चिंता नव्हती. ती असायला हवी होती. व्हिसा कितीही वर्षांचा असला तरी प्रत्येक खेपेला किती दिवस राहता येईल, हे विमानतळावरील अधिकारी ठरवतो, आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. ही नोंद हाती मिळत नाही, संकेतस्थळावरून काढून घ्यावी लागते. मला सहा महिने मिळाले. सुनेने ती तारीख छापून स्वयंपाकघरातील कपाटावर चिकटवली.

आणखी एक गोष्ट आधी ठाऊक असती तर आमच्या बऱ्याच रात्री वाचल्या असत्या. तपासणी सुरू असतानाही संकेतस्थळावर व्हिसाची स्थिती ‘नाकारला’ अशीच दिसते. सुनेने तो शब्द प्रथम पाहिला तेव्हा सारे संपले असे समजून ती रडली होती. तो शब्द म्हणजे अखेरचा निर्णय नव्हे, पण कायद्याच्या दृष्टीने तो नकारच असतो, म्हणून पुढच्या प्रत्येक अर्जात ‘पूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे का’ या प्रश्नाला ‘हो’ असेच उत्तर द्यावे लागते. मुलगा पाचव्या महिन्यात परतला. त्याचा व्हिसा एका दिवसानेही लवकर यावा, यासाठी मी काही करू शकले नाही. नातीला शाळेत सोडणे, आणणे आणि रात्री सुनेसोबत बसणे एवढेच मी केले.

*

मी कॅनडातील धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. तिच्या कामाच्या परवान्याची मुदत संपण्यापूर्वीच तिने नवा अर्ज भरला होता. मुदतीच्या आत अर्ज केलेला असेल, तर निर्णय येईपर्यंत जुन्या अटींवर राहता आणि काम करता येते. तिकडे याला ‘मेंटेन्ड स्टेटस’ म्हणतात. मात्र या काळात देशाबाहेर पाऊल टाकले की परत आल्यावर नवा परवाना हाती येईपर्यंत काम करता येत नाही. बहीण एकटी होती, तिला झोप येत नव्हती आणि ‘दादा, मी सगळे सोडून घरी येते’ असे ती रोज म्हणत होती. ती आली असती तर नोकरी गेली असती. म्हणून मी गेलो.

पहिले तीन दिवस आम्ही कागदांना हातही लावला नाही. चौथ्या दिवशी तिने सर्व कागद जमिनीवर मांडले आणि मी एका वहीत प्रत्येक कागदासमोर दोन तारखा लिहिल्या : तो केव्हा मिळाला आणि केव्हा बाद होणार. परवान्याच्या जोडीनेच तिचा कायम वास्तव्याचा अर्जही रेंगाळलेला होता, आणि त्यासाठी केलेली वैद्यकीय तपासणी १२ महिनेच ग्राह्य असते. त्यांपैकी १० महिने उलटले होते. तिच्या ते लक्षातच आले नव्हते, आणि त्यात मला नवल वाटले नाही, कारण जो माणूस दिवसातून दहा वेळा संकेतस्थळ उघडून पाहतो त्याला तारखा मोजण्याचे भान राहत नाही.

दुसरे काम आम्ही केले ते माहिती मागवण्याचे. कॅनडात माहितीच्या अधिकाराखाली ५ डॉलर भरून आपल्या अर्जावरील अधिकाऱ्यांच्या नोंदी मागवता येतात. महिन्याभराने त्या आल्या. बरीचशी संक्षिप्त रूपे आम्हाला कळली नाहीत, पण सुरक्षा तपासणी अजून पूर्ण झालेली नाही आणि तिच्याकडून कोणताही कागद येणे बाकी नाही, एवढे स्पष्ट झाले. आपल्या हातून काही चुकले आहे, ही तिच्या मनातील टोचणी त्या दिवशी गेली. तो कागद वाचून ती सलग नऊ तास झोपली.

*

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट. माझ्या ताईने आजारपणामुळे घर बदलले आणि नवा पत्ता कळवायचा राहिला. तेथे बहुतेक परदेशी नागरिकांना पत्ता बदलल्यावर १० दिवसांच्या आत एआर-११ हा अर्ज भरून तो इमिग्रेशन खात्याला कळवावा लागतो. टपाल खात्याकडे पत्ता बदलून घेतला म्हणून हे काम होत नाही. तिचे काम करण्याचे कार्ड जुन्या पत्त्यावर जाऊन परत गेले. मी दुसऱ्या राज्यातून विमानाने गेलो, पण मला करता आले ते एवढेच, की तिच्या शेजारी बसून पत्ता दुरुस्त करून घेतला आणि तेथील लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात चौकशीसाठी लागणारे संमतिपत्र तिच्या सहीने पाठवले. ती सही अर्जदाराचीच लागते, भावाची चालत नाही.

*

माझा अनुभव कागद सोडवण्याचा नाही. धाकट्या भावाचा ब्रिटनमधील मुदतवाढीचा अर्ज प्रलंबित असताना आमचे वडील गेले. निर्णयापूर्वी ब्रिटन, आयर्लंड आणि लगतच्या बेटांच्या सामाईक प्रवासक्षेत्राबाहेर तो गेला असता, तर अर्ज मागे घेतला असे धरले गेले असते. पत्नी आणि दोन मुले त्याच अर्जावर अवलंबून होती. ‘येऊ नकोस’ हे त्याला मला सांगावे लागले. वडिलांचे चष्मे, घड्याळ आणि त्यांची हिशेबाची वही घेऊन मी दोन आठवड्यांनी त्याच्याकडे गेलो. विमानतळावर तो बराच वेळ काही बोललाच नाही. आजही मला वाटते, की मी आणखी लवकर जायला हवे होते.

*

प्रवास परदेशीच करावा लागतो असे नाही. आमच्या आत्याने अमेरिकेतून भावासाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, कायम वास्तव्याच्या व्हिसाकरिता भावंडांच्या गटात अर्ज केला होता. या गटात भारतीयांना दीड दशकाहून अधिक काळ थांबावे लागते. एवढ्या वर्षांनी क्रमांक जवळ आला आणि जन्मदाखल्यावर काम अडले. वडिलांचा जन्म १९५८ चा. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याआधीच्या नोंदी कोठे आहेत, कोठे नाहीत, आणि जेथे आहेत तेथे पुष्कळदा बाळाचे नावच नसते.

वडिलांना गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नव्हता, म्हणून त्यांच्या जन्मगावी मी गेले. ग्रामसेवकांनी जुने रजिस्टर काढून दिले आणि आम्ही दोघांनी वर्षभराच्या नोंदी बोट ठेवून वाचल्या. वडिलांची नोंद सापडली नाही. मला वाईट वाटले, पण ग्रामसेवक म्हणाले, ‘ताई, नोंद नाही असाही दाखला देतात, तो मागा.’ नेमका तोच कागद आम्हाला हवा होता. जन्मनोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे असा संच अशा वेळी दिला जातो. अडचण ही, की अशी माणसे आता किती उरली आहेत? आमच्या चुलत आजी ८७ वर्षांच्या आहेत. त्यांच्या प्रतिज्ञापत्रासाठी मी दुसऱ्या जिल्ह्यात गेले, आणि मजकूर त्यांना दोनदा वाचून दाखवल्यावरच त्यांनी अंगठा दिला. ज्यांच्या घरी असा अर्ज रांगेत आहे, त्यांनी हे काम क्रमांक येण्याची वाट न पाहता आजच करून ठेवावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

तिसरी खेप नावातील फरकासाठी झाली. शाळेच्या दाखल्यावर आधी आडनाव आणि पासपोर्टवर शेवटी, एवढाच फरक होता, पण त्यासाठीही ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र जोडले.

*

जर्मनीत भावाच्या परवान्याचे नूतनीकरण लांबले, तेव्हा परदेशी नागरिकांच्या कार्यालयाने त्याला फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग हा तात्पुरता कागद दिला. मी त्याच देशात दुसऱ्या शहरात राहते आणि मला भाषा येते, म्हणून मी सोबत गेले. त्या कागदावर कोणत्या चौकोनात खूण आहे, हे सर्वांत महत्त्वाचे असते. वास्तव्य कायद्याच्या कलम ८१ मधील परिच्छेद ४ वर खूण असेल, तर जुना परवाना चालू असल्याचे मानले जाते आणि देशाबाहेर जाऊन परत येता येते. परिच्छेद ३ वर असेल, तर त्या कागदावर परत येता येत नाही. भावाची खूण परिच्छेद ४ वर होती, म्हणून आईच्या शस्त्रक्रियेसाठी तो जाऊ शकला. परतताना विमान कंपनीच्या खिडकीवर तो कागद कोणाला ओळखता आला नाही आणि पाऊण तास गेला. मी फोनवर होते. जुने कार्ड, पासपोर्ट आणि हा कागद असे तिन्ही एकत्र दाखवल्यावर त्याला सोडले.

*

माझ्या जाण्याने लेकीचा त्रास वाढला, हे मी मोकळेपणाने लिहितो. निवृत्त झाल्यामुळे मला वेळ होता आणि आयुष्यभर कचेरीत काम केल्यामुळे फायलींची सवय होती. रोज सकाळी ती उठली की मी विचारत असे, ‘काही आले का?’ जावईबापू उत्तर देत, ती देत नसे. एक दिवस ती म्हणाली, ‘बाबा, हा प्रश्न मी स्वतःला रात्रभर विचारत असते. सकाळी तरी तुम्ही विचारू नका.’ त्यानंतर आम्ही असे ठरवले, की रविवारी अर्धा तास या विषयावर बोलायचे आणि इतर दिवशी मी तो काढायचा नाही. माझ्या परतीच्या तारखेपर्यंत निर्णय आला नव्हता. मुदतवाढ मागावी असे मला वाटत होते, पण लेक नको म्हणाली : घरात एक अर्ज अडकलेला असताना दुसरा नको. मी परत आलो. आता फोन तीच करते, बहुधा रविवारी.