बॉवेल स्क्रीनिंगचं (आतड्याच्या कॅन्सरसाठीची तपासणी) लेटर आलंय, हे म्हणतात गणपतीला पुण्यात परत टेस्ट करू. थांबावं का?

लेस्टरची_वहिनी
नमस्कार मंडळी. मिस्टर ६१ चे. इंग्लंडात ५० नंतर दर दोन वर्षांनी पोस्टाने संडासची टेस्ट येते ना, त्यात न दिसणारं रक्त आहे का ते बघतात, ते किट आमच्याकडे दोन महिने फ्रिजवर पडून होतं, मी मागे लागून लागून करायला लावलं (धरायला श्रीखंडाचा रिकामा डबा दिला, आता श्रीखंड बघवत नाही 😅). परवा लेटर आलं, रक्त सापडलंय, पुढच्या तपासण्या लागतील म्हणून, सोबत नर्सच्या फोनची वेळ पण दिलीये. ह्यांचं म्हणणं मला वीस वर्षं मूळव्याध आहे, रक्त त्याचंच, शिवाय आदल्या रात्री बीटाची कोशिंबीर होती. त्रास काही नाही, वजन कमी नाही झालेलं, उलट वाढलंय. तर म्हणे गणपतीला जातोच आहोत, पुण्यात लॅबमध्ये परत करू, निगेटिव्ह आली की विषय संपला. मला पटत नाहीये पण वाद घालायला मुद्दे नाहीत माझ्याकडे. कोणी यातून गेलंय का?

स्लाउकर_काका
वहिनी, मी गेलोय, आणि डायलॉग सेम टू सेम हाच मारला होता, मूळव्याध मूळव्याध. कोलोनोस्कोपीत (मागून कॅमेऱ्याची नळी घालून आतडं बघतात) दोन पॉलिप (आतड्याला आतून आलेले कोंब) निघाले, त्यातला एक चांगला द्राक्षाएवढा, तिथल्या तिथे तारेचा फास टाकून कापला, मी स्क्रीनवर बघत होतो, दुखलं शून्य. मूळव्याध पण होतीच हो! म्हणजे दोन्ही असू शकतं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. टेस्टपेक्षा आदल्या रात्रीचं जुलाबाचं औषध वाईट, लिंबाच्या चवीचं खारट पाणी, एक लिटर पिईपर्यंत आयुष्यातली सगळी पापं आठवली. फ्रिजमध्ये गार करून स्ट्रॉने प्यायला सांगा. आणि त्या रात्री टॉयलेट त्यांच्या एकट्याच्या नावावर करा.

एंडो_ताई
मी हॉस्पिटलात एंडोस्कोपीत (कॅमेऱ्याच्या नळीने तपासण्या होतात तिथे) काम करते म्हणून सांगते. बीटाचा काही संबंध नाही, ही टेस्ट फक्त माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन पकडते, बीट खा नाहीतर मटण. आणि परत टेस्ट करून काही सिद्ध होत नाही, कारण पॉलिप रोज रक्त सोडत नाही, आज सोडलं उद्या नाही, त्यामुळे पुण्यातली निगेटिव्ह आली तरी इथली पॉझिटिव्ह पुसली जात नाही, उगाच खोटा धीर येतो एवढंच. घाबरू पण नका, या लेटरनंतर कोलोनोस्कोपीला येणाऱ्यांत कॅन्सर निघतो तो दहात एखाद्याला, त्याहूनही कमीच, पॉलिप मात्र साधारण निम्म्यांना. पॉलिपचा कॅन्सर व्हायला सहसा वर्षानुवर्षं लागतात, म्हणून तो काढला की काम झालं. त्रास नसणं हाच तर स्क्रीनिंगचा मुद्दा आहे, त्रास असता तर किटची वाट न बघता जीपीकडेच (फॅमिली डॉक्टर) जायला हवं होतं.

कोलोनोस्कोपीचा धोका विचारतील तर लपवू नका: रक्तस्राव, आणि फार क्वचित आतड्याला छिद्र, हजारात एकाहूनही कमी. नर्सला सगळी औषधं सांगा. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद करायला सांगतात, रक्त पातळ करायची गोळी असेल तर मनाने बंद करू नका, डायबिटीस असेल तर तेही सांगा. सेडेशन (गुंगीचं औषध) घेतलं तर २४ तास गाडी नाही आणि घरी न्यायला कोणीतरी हवं. नको असेल तर गॅस अँड एअरवर (दुखणं कमी करायला श्वासातून घ्यायचा वायू) पण करतात.

पुतण्या_७४
थोडं वेगळं सांगतो. आमच्या काकांचं बायपास झालेलं, किडनी पण नाजूक, वय ७३. त्यांचं लेटर आलं तेव्हा नर्सनेच डॉक्टरांशी बोलून सीटी स्कॅनचा पर्याय काढला, आतड्यात गॅस भरून स्कॅन करतात. पण त्यात पॉलिप दिसला तर काढता येत नाही, परत कोलोनोस्कोपी आलीच. काकांनी आठवडाभर विचार करून स्कॅनच केला. म्हणजे नाही म्हणायचा किंवा दुसरं काही मागायचा हक्क आहे, पण तो फोनवर बोलून वापरा ना, फोन न उचलून कशाला? तुमचे मिस्टर तर ६१ चे आणि ठणठणीत दिसतायत.

लेस्टरची_वहिनी
सगळ्यांचे खूप आभार. ताईंचा बीटाचा मुद्दा मोठ्याने वाचून दाखवला, पाच मिनिटं गप्प. मग म्हणाले, नर्सशी बोलायला काय जातंय. मंगळवारी फोन आहे, मी स्पीकरवर बसणार. गणपतीची तिकिटं तशीच आहेत, त्याआधी होईल असं वाटतंय. एकच राहिलं, आदल्या दिवशी कमी फायबरचं खायचं म्हणतात, तर पांढरा भात-दही चालेल ना? आणि साबुदाण्याची खिचडी दाण्याच्या कुटाशिवाय? हे पहिलं तेच विचारतायत.

एंडो_ताई
भात-दही चालतं, जिरं नको. खिचडीचं नर्सलाच विचारा, कूट, मिरची नि कोथिंबीर काढून खाणार असतील तर 😄 आणि लाल रंगाचं सरबत नको, आत रक्तासारखं दिसतं.